५९ रन, त्यांतले सात बंद पडलेले: मग ९५/९५ मर्यादेचा अर्थ काय उरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दाबाखालील पाण्याच्या अणुभट्टीत सर्व वीजपुरवठा गेल्यावर (स्टेशन ब्लॅकआउट) गाभा वितळेपर्यंत काय घडते, याचे गणित प्रश्नकर्त्यांनी मेलकोर या, गंभीर अपघातांचे गणित करणाऱ्या संगणकीय कोडवर केले आहे. २४ इनपुट अनिश्चित धरून, विल्क्स यांच्या सूत्राप्रमाणे ५९ रन, म्हणजे दर वेळी इनपुटची वेगळी मूल्ये घेऊन केलेली गणिते, घेतले. त्यांतले ७ मध्येच बंद पडले. उरलेल्या ५२ रनमधील सर्वांत मोठा आकडा हा हायड्रोजनच्या वस्तुमानाची ९५/९५ मर्यादा (९५ वा शतमक याच्या खालीच आहे, असे ९५ टक्के विश्वासाने सांगणारा आकडा) म्हणून घेतला आणि सहसंबंध गुणांकांवरून महत्त्वाच्या इनपुटची क्रमवारी लावली. हे अहवालात असेच देता येईल का, असे ते विचारतात.

असेच देता येणार नाही. मात्र केलेले काम वाया गेलेले नाही. बंद पडलेले सात रन ही या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे आणि आपण नेमकी तीच बाजूला ठेवली आहे.

आधी सूत्राबद्दल. आउटपुटच्या खऱ्या वितरणाचा ९५ वा शतमक जिथे असेल, त्याच्या खाली एखादा यादृच्छिक रन पडण्याची संभाव्यता ०.९५ असते. सगळेच्या सगळे ५९ रन त्याच्या खाली पडण्याची संभाव्यता ०.९५ चा ५९ वा घात, म्हणजे सुमारे ०.०४८५ होते. म्हणून ५९ पैकी सर्वांत मोठा आकडा ९५ व्या शतमकाच्या वर आहे, असे ९५ टक्क्यांहून थोड्या अधिक विश्वासाने म्हणता येते. सूत्र सांगते ते एवढेच. इनपुट किती आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही, हे त्याचे मोठे आकर्षण. पण ५९ पैकी सर्वांत मोठा आकडा सरासरीने ९८ व्या शतमकाच्या पुढे पडतो आणि बीजांक (यादृच्छिक आकडे सुरू करणारी संख्या) बदलून पुन्हा ५९ रन घेतले तर तो बराच हलतो. त्यामुळे ही मर्यादा किलोग्रॅमच्या एककापर्यंत छापण्यात काही अर्थ नाही. शिवाय ५९ ही संख्या एकाच आउटपुटसाठी आहे. हायड्रोजनचे वस्तुमान आणि दाबपात्राचा तळ फुटण्याची वेळ या दोन्हींवर एकाच वेळी ९५/९५ विधान करायचे असेल तर ९३ रन लागतात, तीन आउटपुटसाठी १२४. आणखी एक अट विसरली जाते: सूत्र साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. लॅटिन हायपरक्यूब पद्धतीने, म्हणजे प्रत्येक इनपुटच्या व्याप्तीचे समान भाग पाडून प्रत्येक भागातून एक, असे नमुने घेतले तर वितरणाची व्याप्ती सुधारते, पण नमुने परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत, आणि मग विल्क्स यांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आता त्या सात रनबद्दल. ते योगायोगाने बंद पडले असते, म्हणजे एखादी हार्ड डिस्क भरली किंवा लायसन्स संपले असते, तर नुकसान मर्यादित होते. ५२ रनवर विश्वासपातळी ९३ टक्के निघते. ९५ नव्हे, पण तसे स्पष्ट लिहून पुढे जाता आले असते. गंभीर अपघातांचे कोड मात्र असे योगायोगाने बंद पडत नाहीत. वितळलेले द्रव्य खालच्या पाण्यात कोसळते, एका क्षणात प्रचंड वाफ होते, दाब उसळतो, कोड कालपायरी (गणित एका वेळी जितका काळ पुढे सरकते ती पायरी) बारीक करत करत किमान मर्यादेला टेकतो आणि हात वर करतो. किंवा एखाद्या खोक्यातले (गणितासाठी अणुभट्टीचे जे छोटे भाग पाडतात, त्यांपैकी एकातले) पाणी जवळजवळ संपते आणि तापमानाचे समीकरण सुटत नाही. म्हणजे जिथे भौतिकी सर्वांत उग्र आहे, तिथेच रन मरतात. उरलेल्या ५२ रनचे वितरण हे ‘कोड ज्यातून पार पडला अशा अपघातांचे’ वितरण असते. आपल्याला हवे होते ते हे नाही.

काही जण यावर सोपा उपाय करतात: नवे नमुने घेत राहायचे आणि यशस्वी रन ५९ झाले की थांबायचे. आकडा पूर्ण होतो, पण पूर्वग्रह जागच्या जागी राहतो, शिवाय आता तो दिसेनासाही होतो. मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी एका अभ्यासात हेच केले होते. परीक्षकाने बंद पडलेल्या रनची इनपुट-मूल्ये मागितली आणि ती आलेखावर टाकल्यावर ती सगळी एका कोपऱ्यात गोळा झालेली दिसली: क्षय-उष्णता (अणुभट्टी बंद झाल्यावरही इंधनातून निघत राहणारी उष्णता) जास्त आणि ढासळलेल्या गाभ्याच्या ढिगाऱ्यातील कणांचा व्यास कमी. त्या कोपऱ्याबद्दल आमचा अहवाल काहीच सांगत नव्हता.

सुरक्षित बाजूने जाण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे बंद पडलेला प्रत्येक रन हा सर्वांत वाईट निघाला असता, असे मानणे. ९३ रन घेतले आणि त्यांतला एक बंद पडला, तर तो पहिल्या क्रमांकावर गेला असे धरायचे. मग यशस्वी रनमधील सर्वांत मोठा आकडा दुसऱ्या क्रमांकाचा होतो आणि ९३ रनसाठी दुसऱ्या क्रमांकाचा आकडाही ९५/९५ चे विधान पेलतो. दोन बंद पडले तर १२४ रन हवेत, तीन पडले तर १५३. सातसाठी ही संख्या २६० वर जाते. पण इथे एक मेख आहे. आपल्याकडे ५९ पैकी ७, म्हणजे जवळजवळ १२ टक्के रन बंद पडले. हेच प्रमाण कायम राहिले तर २६० रनमध्ये तीसेक बंद पडतील, आणि ते सगळे सर्वांत वाईट मानले तर ९५ वा शतमक त्या अज्ञात गटाच्या आतच जाऊन बसतो. बंद पडण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर असेल तर या गृहीतकाखाली कितीही रन घेतले तरी ९५ व्या शतमकावर मर्यादा मिळणार नाही. आपल्या बाबतीत अधिक संगणकवेळ हा उपाय नाही, रन दुरुस्त करणे हाच आहे.

दुरुस्ती करताना एक पथ्य पाळावे. बंद पडलेला रन कमाल कालपायरी निम्मी करून, अडचणीच्या थोडे आधीच्या रीस्टार्टपासून पुन्हा चालवला की बहुधा पार पडतो. पण मग सात रन एका कालपायरीवर आणि बावन्न दुसऱ्या कालपायरीवर, अशी स्थिती होते, आणि कालपायरीचा परिणाम या कोडमध्ये नगण्य नसतो. एकही भौतिक इनपुट न बदलता फक्त कमाल कालपायरी बदलली, तरी एखादा खोका आधी ढासळतो, वाफेची वाट बदलते आणि हायड्रोजनचा एकूण आकडा सरकतो. म्हणून पायाभूत रन (सर्व इनपुट मूळ मूल्यांवर ठेवलेला) वेगवेगळ्या कमाल कालपायऱ्यांनी दहा-वीस वेळा चालवून पाहावा. त्यातून येणारा पसारा ही आपल्या मोजपट्टीची जाडी. एखाद्या इनपुटचा परिणाम त्याहून लहान असेल तर त्यावर मत देऊ नये.

पुढचा मुद्दा वितरणाच्या आकाराचा आहे. आपण हायड्रोजनची सरासरी आणि प्रमाण विचलन दिले आहे, पण ५२ बिंदू एकेक करून पाहिलेले दिसत नाहीत. ते पाहावेत, कारण या अपघातक्रमात वाटा फुटतात. गाभा उघडा पडल्यावर यंत्रणेतला दाब सुरक्षा झडपेच्या मर्यादेजवळ, म्हणजे १६-१७ मेगापास्कलच्या आसपास असतो. गाभ्यातून निघालेले अतितप्त वायू नैसर्गिक अभिसरणाने गरम पाण्याच्या मुख्य नळीत, प्रेशरायझरकडे (यंत्रणेतला दाब राखणाऱ्या टाकीकडे) जाणाऱ्या नळीत आणि बाष्पजनित्राच्या बारीक नळ्यांत फिरतात. पोलाद तापून मऊ होते आणि सततच्या दाबाखाली हळूहळू ताणले जाते. यांपैकी कोणता भाग आधी फाटेल, की त्याआधीच वारंवार उघडमीट करणारी एखादी झडप उघडी अडकून बसेल, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. मुख्य नळी फाटली तर दाब झपाट्याने कोसळतो, नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवलेल्या संचयकांतले (आणीबाणीच्या टाक्यांतले) पाणी एकदम तप्त गाभ्यावर येते. वाफेअभावी मंदावलेले, इंधनाच्या आवरणातील झिर्कोनियमचे ऑक्सिडीकरण (हायड्रोजन निघतो तो यातूनच) त्या वाफेने पुन्हा पेट घेऊ शकते, किंवा गाभ्याचा काही भाग थंड होऊन वेळ मिळू शकतो. झडप आधी उघडी अडकली तर दाब सावकाश उतरतो आणि तेच पाणी थोडे थोडे येते. बाष्पजनित्राची नळी आधी फाटली तर किरणोत्सारी द्रव्याला कंटेनमेंट (अणुभट्टीभोवतीची बंदिस्त इमारत) टाळून बाहेर जाण्याची वाट मिळते, आणि मग हायड्रोजन हा आपल्या चिंतेचा मुख्य विषयच राहत नाही.

अमेरिकी अणुनियामक आयोगाच्या सोआर्का या गंभीर अपघातांच्या परिणामांवरील अभ्यासात सरी आणि पीच बॉटम या केंद्रांसाठी अनिश्चितता विश्लेषण झाले, त्यातही असेच दिसले. पीच बॉटमच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत सुरक्षा झडप कधी आणि कशी अडकते, आणि मुख्य वाफनळी फाटते की नाही, यावर उत्सर्जनाचे आकडे गटागटांत विभागले गेले. समजा, आपल्या रनपैकी एका गटात हायड्रोजन ३०० किलोच्या आसपास आहे आणि दुसऱ्यात ५०० च्या. सरासरी ४०० येईल आणि तिथे एकही रन नसेल. असा आकडा अहवालात छापला की वाचणारा ‘४०० अधिक-उणे काही’ असे समजतो आणि जो अपघात एकाही रनमध्ये घडला नाही त्याचीच तयारी करतो. आधी रनची वाटांनुसार वर्गवारी करावी, प्रत्येक गटात किती रन पडले ते सांगावे आणि मग गटाच्या आतला पसारा द्यावा.

इथे सहसंबंध गुणांकांचाही निकाल लागतो. दोन ढीग असलेल्या बिंदूंवर एक सरळ रेषा बसवली तर ती फक्त दोन ढिगांना जोडते. आपल्या क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर आलेले इनपुट कदाचित एवढेच सांगत असेल की ते वाट ठरवते. गटाच्या आत त्याचा परिणाम शून्यही असू शकतो. शिवाय ५९ नमुन्यांवर सुमारे ०.२६ पेक्षा लहान गुणांक पाच टक्के पातळीवर शून्यापासून वेगळा ओळखता येत नाही, आणि २४ इनपुट तपासली तर त्यांतले एखादे निव्वळ योगायोगाने ही रेषा ओलांडण्याची शक्यता मोठी असते. आपल्या तक्त्यातील सहाव्या क्रमांकापासून खालची क्रमवारी मी काढून टाकली असती. मर्यादेसाठी पुरेसे असलेले ५९ रन क्रमवारीसाठी पुरेसे नसतात. तिथे काहीशे रन लागतात, किंवा मग आधी मॉरिस पद्धतीने (एका वेळी एकच इनपुट हलवून परिणाम पाहण्याच्या पद्धतीने) चाळणी करून पाच-सहा इनपुट ठेवावी लागतात.

इनपुटच्या मर्यादांबद्दल आपण लिहिता की माहिती नसल्यामुळे सर्वत्र समान वितरण धरले. समान वितरण निष्पाप दिसते, पण तसे ते नसते. कणांच्या व्यासावर समान वितरण धरले तर पृष्ठफळावर ते समान राहत नाही, आणि उष्णता व वाफ यांची देवाणघेवाण तर पृष्ठफळावरच चालते. ज्या राशीची व्याप्ती कित्येक दशपटींची आहे तिला समान वितरण दिले की जवळजवळ सगळे नमुने वरच्या टोकाला जातात. तिथे लॉगवरचे वितरण घ्यावे. प्रत्येक इनपुटसाठी टोके कुठून आली ते एका वाक्यात तरी लिहावे. अमेरिकी नियामक आयोगाच्या १९९० च्या नुरेग-११५० या अपघात-जोखमीच्या अभ्यासात पाच केंद्रांसाठी तज्ज्ञांकडून पद्धतशीरपणे वितरणे काढून घेतली गेली. त्या आकड्यांना आज जुने म्हणता येईल, पण कोणी कोणत्या पुराव्यावर काय मत दिले याची नोंद आहे, म्हणून त्यांच्याशी वाद तरी घालता येतो. ‘अभियांत्रिकी अंदाज’ या दोन शब्दांशी वाद घालता येत नाही. आणि जी इनपुट भौतिकदृष्ट्या एकत्र हलतात ती एकत्रच हलवावीत, नाहीतर निसर्गात न आढळणाऱ्या जोड्या तयार होतात आणि काही रन त्यामुळेही बंद पडतात.

टोके चुकण्याचा एक प्रकार मात्र अधिक गंभीर आहे, आणि तो इंधन ढासळण्याच्या तापमानावरून चांगला समजतो. युरेनियम डायऑक्साइडचा वितळणबिंदू सुमारे ३१०० केल्विन. केवळ पुस्तकातला हा आकडा घेऊन त्याभोवती शंभर-दीडशे अंशांची व्याप्ती कोणी दिली असती, तर ती व्याप्ती सावध वाटली असती. पण फ्रान्समधील कादाराश येथे १९९३ ते २००४ या काळात झालेल्या फेबुस प्रयोगमालेत इंधनाचे गठ्ठे त्याहून कित्येकशे अंश खाली, ढोबळमानाने २५०० केल्विनच्या आसपास ढासळले, कारण झिर्कोनियम आणि इंधन एकमेकांत विरघळून मिश्रण लवकर मऊ होते. त्याच प्रयोगांनी आयोडीनचा काही भाग वायुरूपात कंटेनमेंटमध्ये येतो हे दाखवले आणि सीझियम मुख्यतः हायड्रॉक्साइडच्या रूपात असते ही जुनी धारणा मोडून मॉलिब्डेट या दुसऱ्या संयुगाकडे लक्ष वेधले. चुकीच्या संयुगाच्या बाष्पदाबाभोवती कितीही नमुने घेतले तरी योग्य संयुग त्यात सापडत नाही.

कोडच्या रचनेतील अनिश्चितता तर नमुन्यांच्या यादीत येतच नाही. मेलकोर आणि माप (MAAP) या दोन कोडची फुकुशिमा दाईचीच्या पहिल्या युनिटच्या घटनाक्रमावर पायरीपायरीने तुलना झाली, तेव्हा फरकाचे मूळ एका कल्पनेत सापडले. मेलकोरमध्ये ढासळलेला गाभा वाफ आत शिरू शकेल अशा सच्छिद्र ढिगाऱ्यासारखा वागतो. मापमध्ये वाटा बुजतात, वर कवच धरते आणि आत वितळलेल्या द्रव्याचे डबके तयार होते. पहिल्या चित्रात झिर्कोनियमला वाफ मिळत राहते, म्हणून हायड्रोजन अधिक. दुसऱ्यात कमी, पण आतले द्रव्य अधिक तप्त. दोन्ही गट अनुभवी होते, आणि अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्राचा १९७९ च्या अपघातात वितळलेला गाभा दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. तिथे सुमारे ४६० किलो हायड्रोजन तयार झाला असे मानले जाते. एक किलो झिर्कोनियमचे पूर्ण ऑक्सिडीकरण ४४ ग्रॅम हायड्रोजन देते हे धरले, तर साडेदहा टन धातू जळाल्याचा हा हिशेब आहे. एवढा आकडा हाती असूनही कोणते चित्र खरे याचा निकाल त्यावरून लागला नाही, कारण वेगवेगळ्या वाटांनी तोच आकडा गाठता येतो. म्हणून आपल्या ९५/९५ मर्यादेपुढे ‘मेलकोरच्या या आवृत्तीच्या आणि या इनपुट डेकच्या (अणुभट्टीच्या वर्णनाच्या इनपुट फाइलीच्या) चौकटीत’ हे शब्द असलेच पाहिजेत. शक्य असेल तर पायाभूत रन तरी दुसऱ्या कोडवर, आणि दुसऱ्या व्यक्तीच्या हातून, करून घ्यावा. एकाच कोडवर एकाच प्रयोगाचे गणित करणाऱ्या दोन वापरकर्त्यांची उत्तरे किती वेगळी येतात, याचा अनुभव फेबुसच्या एफपीटी-१ प्रयोगावर आधारित आंतरराष्ट्रीय तुलनेत सहभागी झालेल्यांना चांगलाच आहे.

आपण सीमा-अटी, म्हणजे यंत्रसामग्री किती वेळ चालते वगैरे, स्थिर ठेवल्या आहेत. त्याला माझी हरकत नाही, पण ते मथळ्यातच दिसू द्यावे. फुकुशिमाच्या दुसऱ्या युनिटमधील वाफेच्या टर्बाइनवर चालणारा आरसीआयसी पंप नियंत्रणाची वीज गेल्यानंतरही सुमारे ७० तास गाभ्याला पाणी देत राहिला. बॅटरी संपली की काही तासांत पंप थांबला असे मानण्याची तेव्हाची रीत होती, आणि त्या गृहीतकावर काढलेली कोणतीही पट्टी, कितीही रुंद असली तरी, प्रत्यक्षापासून दिवसांच्या अंतरावर पडली असती. आपली अणुभट्टी वेगळ्या प्रकारची आहे, तरी वाफेवर चालणाऱ्या सहायक पाणीपंपाबद्दल हाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो. तो ४ तास, १२ तास आणि ४८ तास चालला अशी तीन स्वतंत्र गणिते करावीत. त्या वेळेला एखादे वितरण देऊन बाकी इनपुटमध्ये मिसळू नये. पंप किती चालेल हे अज्ञान आणि ढिगाऱ्याचा व्यास किती असेल हे अज्ञान एकाच भांड्यात घातले की नंतर ते वेगळे काढता येत नाही.

मर्यादेच्या ओळीत अहवालात सध्या मी एवढेच लिहिले असते: ५९ पैकी ५२ रन पूर्ण झाले, पूर्ण झालेल्या रनमधील कमाल व किमान आकडे अमुक, बंद पडलेल्या सात रनमुळे ९५/९५ विधान करता येत नाही. नियामकाला हे वाक्य आवडणार नाही, पण समजेल. नंतर सुधारित अभ्यासासाठी १५३ रन धरावेत, बीजांक आणि कोडची आवृत्ती नोंदवावी, आणि बंद पडणारे रन तीनपर्यंत खाली येतात का ते पाहावे. पण नवे रन सुरू करण्याआधी सध्याच्या सातही रनच्या निदान फाइलींची शेवटची पानभर नोंद उघडावी. कोणत्या खोक्यात, किती तापमानाला, पाण्याची पातळी किती असताना आणि अपघाताच्या कितव्या तासाला कोड थांबला, हे एका कागदावर सात ओळींत लिहावे. त्या सात ओळींपैकी चार-पाच सारख्या निघाल्या तर चूक बहुधा एकाच जागी आहे, कदाचित आपल्या खोक्यांच्या मांडणीत, आणि ती एका दुपारीत सुटू शकते. सातही वेगळ्या निघाल्या तर मला त्या पाठवाव्यात.